तीन भाषांतला एक पाय

महाड, श्रावणातला सोमवार

प्रिय शकू,

मी रत्नागिरीला पोचलोच नाही. कशेडीत दरड आली, ट्रक अडकला, त्यात माझी दाढ ठणकायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, हैबती, तू उतर, इंजिनापेक्षा तुझंच कण्हणं मोठं हाय. मग उलटा महाडला आलो, चिनी दातवाल्याकडे. आपलं पोलादपूर वाटेतच होतं, पण घरी उतरलो नाही. आबांनी शेतावर जुंपलं असतं. दाढ गेली, मी राहिलो. त्याच्या दात कोरायच्या यंत्राचं पायडल दुरुस्त करायला घेतलंय, ते अजून व्हायचंय.

त्याची बायको मेईवहिनी. काय बाई आहे! कोळणीशी मराठीत घासाघीस करते, नवऱ्याशी चिनीत भांडते आणि दुपारभर इंग्रजी वाक्प्रचार घोकते. तिला मुंबईच्या हॉटेलात नोकरी हवीय. धो धो पाऊस म्हणजे इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात, हे कळल्यावर ती हसून हसून खालीच बसली. चिनीत म्हणे घंगाळ उपडं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे मुसळं पडतात. तर म्हणते, भाऊ, तुमचं डोक्याला लागेल हो!

परवा मुलाखतीला गेली. साहेब हसत म्हणाला, आय वॉज पुलिंग युवर लेग. हिनं घाबरून दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले. नोकरी हुकली. घरी येऊन तेच सोंग तिनं आम्हाला करून दाखवलं, आणि सकाळी पुन्हा पुस्तक उघडलं.

मला तुझा मॅट्रिकचा पेपर आठवला. ‘माझे पाय ओढू नका’चं तू ‘डोन्ट पुल माय लेग’ केलंस आणि मास्तरांनी ते गावभर केलं. वहिनी सांगते, चिनीतही मागचा पाय ओढला म्हणजे पुढे निघालेल्याला अडवलं. इंग्रजीत मात्र ती नुसती थट्टा. म्हणजे चुकलीस खरी, पण अख्खा चीन तुझ्यासारखाच चुकला असता गो!

आबा म्हणतायत ना, एकदा नापास झाली, आता पुरे, स्थळ बघू? वहिनीला अभ्यासाला जोडीदारीण हवीय, तिच्याकडेच राहायचं. मी तुझं नाव सांगून बसलोय. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षेला बस. रविवारी पहिल्या यष्टीने आबांशी बोलायला येतो. मला शेतावर जुंपलं तरी चालेल. ते म्हणतील, हा भटक्या थट्टा करतोय. तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा, आणि पाय मागे घेऊ नकोस.

तुझाच,
हैबतीदादा