गल्ली न विकण्याचा ठराव

१२ ऑगस्ट
आज आलं: बटाटे पाच किलो, चार डॉलर. ऑलिव्ह तेलाचा डबा, घासाघीस करून बावीस. बिल्डरच्या माणसाकडून केक, फुकट. परत करायला हवा होता, पण अन्न नाकारणं पाप.
त्याला आमचं आणि शेजारच्या एव्हदोकियाचं घर पाडून पाच मजले चढवायचेत. मॅरिकव्हिलच्या या गल्लीत चौतीस वर्षं काढली. विकणार नाही. ठरलं.

१९ ऑगस्ट
कौन्सिलला द्यायचा अर्ज मीच लिहिला. मॅट्रिक झाल्याचा उपयोग. ‘आम्ही गल्ली विकणार नाही.’ पहिली सही माझी. एव्हदोकियाचा मुलगा तिला ॲडलेडला बोलावतोय. मी म्हटलं, सुनेच्या हातचं पाणीदार सूप पिणार का? हसली. म्हणाली, “तू आहेस ना इथे, मग मी कशाला हलते? नाही म्हणून कळवते त्याला.”

३ सप्टेंबर
एकवीस सह्या. बिल्डरचा माणूस पुन्हा आला. शत्रूचा बेत कळावा म्हणून आत घेतलं. आकडा ऐकला. आमचे हे म्हणाले, दारातल्या तीन पायऱ्या चढताना गुडघे दुखतात. आजवर कधी बोलले नव्हते.

१४ सप्टेंबर
क्रुसाचा सण. कडक उपास. बिल्डरच्या कागदावर सही केली. नुसता बोलणी चालू असल्याचा कागद आहे म्हणे. वाचला नाही, चष्मा चर्चमध्ये राहिला होता. एव्हदोकियाला उद्या सांगते.

२१ सप्टेंबर
सांगितलं नाही. तिला खोकला आहे.

१२ ऑक्टोबर
खोकला बरा. तिने आणखी नऊ सह्या आणल्या. “फोतिनी, तुझ्याकडे बघून लोकांना धीर आलाय गं.” चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या. एरवी एक पुरते.

८ नोव्हेंबर
सामानाची गाडी दारात लागली तेव्हा तिला कळलं. तरी आली. आमचे कप वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. जाताना एवढंच म्हणाली, “आधी बोलली असतीस तर मीही विकलं असतं. बिल्डरने तुमच्या पलीकडचं घर घेतलं. माझं आता नको म्हणतो.”
माणसाने वेळेवर चौकशी करायला नको का?

६ जानेवारी
नवं घर, शहराच्या टोकाला. पायरी एकही नाही. आज माझा नामदिन, ज्या सणावरून माझं नाव पडलं तो. नामदिनाला कोणाला बोलवायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, गल्ली आपण होऊन येते. साठ बिस्किटं भाजली. चार वाजता समोरची बाई आली. दार सकाळपासून उघडं दिसतंय, चोरी झाली का, विचारून गेली. बिस्कीट घेतलं नाही.
पत्र टाकलं. नक्कल:
“एव्हदोकिया, चूक तुझी नव्हती, माझी. आमच्या घराचं पाडकाम सुरू झालं का? तुझ्या खोलीत ऊन येतं का? रागावली असलीस तर तसंच लिही, पण उलट टपाली कळव.”