बिनसाखरेची बाटली

मलकापूर,
गुरुवार, सकाळ

प्रिय दीपमाला,

फौज सोडून सहा वर्षं झाली, आणि त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘हं, बोला’ म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच अडतं. शिवाय तू कडेगावला गेल्यापासून तुझा फोन तू उचलतच नाहीस, राजवर्धन उचलतो. आजारी माणूस, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला जाऊन येतो, तरी बहिणीचा फोन त्यानंच उचलायचा. ‘दाजी, ताई आंघुळीला गेलीया,’ म्हणतो आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. बघ, पाच ओळी झाल्या नाहीत तोवर तुझ्या भावाचं नाव आलंच.

घरी सगळं ठीक आहे. शिवांजलीचा पुण्याहून परवा फोन आला होता, तिनं मला पहिला प्रश्न विचारला, ‘मामा कसाय?’ मी म्हटलं, तुझा बाप बरा आहे. ती हसली. चंद्राबाई कुंपणावरून रोज चौकशी करते, दीपमाला कधी येणार म्हणून. परवा भाजी देऊन गेली, चांगली होती. तुझ्या गुलाबाला पाणी घालतो आहे. सकाळी एकटाच आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जातो. तू असताना कधी आलो नाही, हे मलाही कळतं.

मार्चमध्ये मिरजेच्या डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांना समोर बसवलं तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच्या बायकोचा, प्रांजलचा रक्तगट जुळत नाही, तुझ्या आईचं वय झालेलं, तुझी किडनी मात्र राजवर्धनला चालेल, असं त्यांनी सांगितलं आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू ‘देते की’ म्हणालीस. जशी काही शेजारणीनं वाटीभर पीठ मागितलं होतं. शेजारच्या खुर्चीत नवरा बसलाय, त्याच्याकडे एकदा बघावं, एवढंही तुला सुचलं नाही. डॉक्टरांची एकच अट होती. तुझं वजन एकोणऐंशी, ते सत्तरवर आल्याशिवाय ऑपरेशन नाही. तू म्हणालीस, चार महिन्यांत आणते.

आणि खरंच लागलीस ग कामाला! लग्नाला चोवीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत मी किती वेळा सांगितलं, गोड कमी कर, गुडघे दुखतात ना, चाल जरा. तू हसण्यावारी न्यायचीस. भावासाठी मात्र पहाटे साडेपाचला बूट घालून दारात. भात बंद, भाकरी एकच, शेंगदाण्याचं कूट बंद. फक्त चहा सुटेना. दिवसाचे सहा कप, आणि आपल्याकडे कपात चमचा उभा राहील एवढी साखर. बिनसाखरेचा चहा तुला औषधासारखा लागायचा. तेव्हा मिरजेच्या दवाखान्यातली आहार सांगणारी ती तहरीम म्हणाली, की गोडाची तल्लफ येते तेव्हा डाएट कोल्ड्रिंक घेतलं तरी चालेल, त्यात साखर नसते. हळूहळू तेही कमी करू, ताकावर येऊ. झालं. सहा कप चहा गेले आणि त्या जागी तीन ग्लास काळं पाणी आलं. माझ्याकडे फौजी कँटीनचं कार्ड, म्हणून बाटल्या आणायची ड्युटी माझी. अकरा वाजता, चार वाजता आणि सात वाजता ग्लास भरून द्यायचीही माझी. तू म्हणायचीस, ‘तुमी दिल्यावर मोजकं हुतंय, मी वतलं तर बाटली रिकामी करीन.’

चंद्राबाईला ते मुळीच पटलं नव्हतं. ‘आवं, कारखान्याची साखर पोत्यानं घरात येतीया आन् ह्या बिनसाखरेचं पाणी पित्यात,’ असं ती सगळ्या गल्लीला सांगत सुटली. मीही तुझ्याबरोबर तेच प्यायला लागलो. माझा हिशेब सोपा होता, डाएट प्यायलो की दोन वडे जास्त चालतात. दोन महिन्यांत माझा पट्टा एक भोक सैल झाला आणि तुझं वजन चार किलोनं उतरलं. तुझी हनुवटी दिसायला लागली. लग्नात होती तशी. मी ते तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

कारण दर रविवारी तू वजनकाट्यावर उभी राहायचीस, आकडा बघायचीस आणि काट्यावरून खाली उतरायच्या आधी फोन लावायचीस. कुणाला? मी तिथंच, दोन हातांवर, पेपर घेऊन बसलेला असायचो. ‘राजा, पाऊन किलो गेलं रं!’ तिकडून तो काहीतरी बोलायचा, तू हसायचीस, डोळे पुसायचीस. मग फोन ठेवून मला म्हणायचीस, चहा टाकू का तुम्हाला. एकदाही आधी मला आकडा सांगितला नाहीस. मी मुद्दाम विचारलंही नाही. विचारायचं कशाला, सगळी गल्ली ऐकत होती.

हे आजचं नाही, दीपमाला. मी सतरा वर्षं सीमेवर होतो आणि तो दारात होता. शिवांजलीच्या वेळी तुला कळा सुरू झाल्या, भर दुपारी, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. तर त्यानं जीप शेतातून घातली आणि तुला दवाखान्यात पोचवलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. पोरीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही म्हणून पहिलीपासून सहावीपर्यंत त्याचंच नाव. ह्या घराचा स्लॅब पडला तेव्हा पाणी मारायला तो. मी सुट्टीवर यायचो तेव्हा पोरगी त्याच्या पायामागे लपून माझ्याकडे बघायची. जम्मूच्या इस्पितळात माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता, दोन महिने. तेव्हा तू आली नाहीस, राजवर्धनचं लग्न होतं. येऊ नको, असं मीच कळवलं होतं, हे खरं. पण बायकोनं अशा वेळी नवऱ्याचं ऐकायचं नसतं.

त्यानं कधी उपकार बोलून दाखवला नाही. दाखवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो मला बघितल्यावर उठून उभा राहतो. आजही, हाताला सुयांची भोकं असताना. असल्या माणसाचा राग करायला जागा मिळत नाही आणि मग तो राग आतल्या आत शिजत राहतो. आणि अशा माणसाला तू तुझ्या देहातला एक भाग काढून देणार. माझ्या वाट्याला तू पत्रातून आलीस, सुट्टीतून आलीस, वर्षातले दोन महिने. त्याच्या वाट्याला आता मरेपर्यंत, रोज, त्याच्या पोटात. मला झोप यायची नाही. हे वाचून तुला किळस येईल, पण लिहितोच आहे तर सगळं लिहितो.

जूनमध्ये तुझं वजन अडलं. एक रविवार, दुसरा रविवार, काटा तिथंच. मग उलटा वर. तू एक भाकरी होती तीही अर्धी केलीस. चालताना आगाशिवच्या वाटेवर चक्कर येऊन पडलीस, कोपर फुटलं. चंद्राबाईला तर आयतंच मिळालं. ‘म्या सांगत न्हवते? त्या डाएटमदी औषिद असतंय, त्येनंच अंग सुजतंय, इख हाय त्ये.’ तुझ्या बायकांच्या ग्रुपवरही तसलेच मेसेज फिरायला लागले. तू मला विचारलंस, ‘आवं, खरंच ह्या पाण्यानं हुतंय का?’ मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, असेल, काय सांगावं. तरी तू प्यायची थांबली नाहीस, कारण मग चहा परत सुरू होईल अशी तुला स्वतःचीच भीती होती.

सप्टेंबरमध्ये मिरजेला काटा साडेशहात्तर दाखवू लागला तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, तारीख पुढं ढकलू. राजवर्धन म्हणाला, ‘ताई, ऱ्हाऊ दे. लय केलंस तू.’ तू तिथं रडली नाहीस. बाहेर प्रांजल जे बोलली ते मी ऐकलं. तिचंही बरोबर आहे बिचारीचं, नवरा डोळ्यांदेखत वाळतोय. पण ती म्हणाली, ‘ज्याला द्यायचं आसतं त्याची जीभ आवरती. चोरून खाल्ल्याबिगर वजन वाढतंय व्हय?’ तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. आणि मीही उभा होतो, पार्किंगची पावती हातात धरून. त्याच दिवशी तू कडेगावला जायचं ठरवलंस. म्हणालीस, त्याच्या डोळ्यांसमोर राहीन म्हणजे तरी जिभेला लगाम बसेल.

गेल्या सोमवारी मी तहरीमकडे गेलो होतो, तुला न सांगता. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं, की हो काका, डाएट कोल्ड्रिंक वाईटच, त्यानंच वजन अडलं. तेवढं म्हणाली असती तर मी घरी येऊन सुखानं जेवलो असतो. ती पोरगी वहीच उघडून बसली. म्हणाली, ‘काका, त्यात साखरच नाही तर वजन वाढेल कशानं? रोज पिऊ नये, गोडाची सवय जात नाही, पाणी-ताक कधीही चांगलं, आणि फार वर्षं पिण्याबद्दल अजून अभ्यास चाललेत. पण तीन महिन्यांत असं व्हायला हे कारण पुरत नाही. साध्या कोल्ड्रिंकच्या एका ग्लासात सहा-सात चमचे साखर असते, तसलं काही काकू पीत असत्या तर मी समजू शकले असते.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘ती बाटली एकदा दाखवायला आणा.’ मी बरं म्हटलं आणि उठलो. सहा-सात चमचे, तीन ग्लास. जिना उतरताना मी मनातल्या मनात वीस चमचे मोजले.

आणि काल तुझा फोन आला, तू स्वतः केलेला. किती खुशीत होतीस. तीन आठवड्यांत दोन किलो उतरलं म्हणालीस. कोल्ड्रिंक बंद, ताक सुरू, म्हायेरचं पाणी मानवलं. मग आवाज खाली आणून म्हणालीस, ‘माजंच चुकलं. कुटंतरी माजा हात सुटत आसंल, मलाच कळलं नसंल. प्रांजल म्हणती त्ये खोटं न्हाई.’ तिथं मला राहवेना.

तुझा हात कुठंही सुटला नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये डाएटच्या बाटल्या संपल्या होत्या. तुझी वेळ चुकू नये म्हणून मी साध्या कोल्ड्रिंकची बाटली आणली आणि जुन्या डाएटच्या बाटलीत ओतली. संध्याकाळी सांगू म्हटलं. तू एक घोट घेऊन म्हणालीस, ‘आज लय ग्वाड लागतंय वो,’ मी म्हटलं, नवा माल हाय. त्या रविवारी काटा हलला नाही, तू फोन लावला नाहीस, आणि मला फार बरं वाटलं. इथपर्यंत चूक होती. पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये डाएटच्या बाटल्या आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि साध्या उचलल्या. सप्टेंबरपर्यंत उचलल्या. तुझ्या जिवाची काळजी वाटली म्हणून केलं, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला माफ केलं असतं, ते वाक्य मी आठ दिवस पाठही केलं. पण ते खरं नाही. मला मत्सर वाटला, दुसरं काही नाही. आणि तो गेला असंही लिहीत नाही, कारण काल तू ‘राजाला भूक लागायला लागली’ म्हणालीस तेव्हाही मी जळलो. नवऱ्याच्या संमतीचा कागद डॉक्टरांनी मार्चमध्येच माझ्याकडे दिला होता, तो मी तुला दाखवला नव्हता. आज सही केली, ह्याच पाकिटात आहे. मंगळवारी मी मिरजेला येतो आहे. डॉक्टरांना आणि तहरीमला माझ्या तोंडानं सांगेन. तू माझ्याबरोबर घरी यायचं की नाही हे तू ठरव, मी विचारणारही नाही. फक्त एक कर. हे पत्र एकटीनं वाचून घडी घालून ठेवू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू मला झाकशील. राजवर्धनला आणि प्रांजलला समोर बसव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. त्याला ही ओळही ऐकू दे, की तुझे दाजी घरात आले की तू उठून उभा राहतोस ना, ते आता राहू नकोस.

तुझाच,
जयराज