दहा गोळ्यांची चौदा भोकं

बिन महमूद, दोहा
८ फेब्रुवारी, रविवार

चि. श्रीपतीस थोरल्या बहिणीचा, पुष्पावतीचा, भरपूर आशीर्वाद. तू आणि तुझी बायको बरी आहात असं मीच धरून चालते, कारण आपणहून कळवायची तुम्हा दोघांना सवय नाही. गुडघा कसा आहे? (तेल लाव म्हणून सांगितलं होतं, तू लावलं नसशील.) द्राक्षांना थंडी कितपत बाधली तेही कळव. माझं म्हणशील तर साखर वाढलेली आहे, दात आहेत तेवढे शाबूत आहेत, आणि या घरात मला कुणी काही बोलत नाही, निदान तोंडावर तरी नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या विजयचा इथला करार मार्चअखेर संपतो हे तुला ठाऊक आहे. रास लफानच्या गॅस कारखान्यात त्याच्यावर अरुणकुमार म्हणून साहेब आहे. त्यानं सही केली तर आणखी दोन वर्षं, नाही केली तर खलास, भांडीकुंडी बांधा आणि नातीला, अंतराला, भर दहावीत नाशिकच्या शाळेत घाला. फाईल महिनाभर त्याच्या टेबलावर पडून होती. सही हवी असेल तर माणसानं काय करावं? काम करावं, असं तुला मला वाटेल. विजयला वाटलं, बंदूक चालवावी. कारण अरुणकुमार दर शुक्रवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जातो. म्हणून हाही जायला लागला. ज्या पोरानं जत्रेत फुग्यांवर मारलेला छर्रा दुकानदाराच्या आरशात घातला होता आणि तू त्याला बखोटीला धरून घरी आणला होतास, तोच हा.

पण आता म्हणे नेम माणूस धरत नाही, मोबाईल धरतो. लांबवर मारायचं तर गोळी वाटेत खाली पडते, वाऱ्यानं बाजूला सरकते. म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती किती खटके फिरवायची याचा हिशेब करावा लागतो. त्याचं ॲप निघालं आहे. त्यात गोळीचं वजन, वेग, अंतर, उष्मा, हवेचा दाब, वारा कुठून आणि किती, असं सगळं जातं. (विजयचं लग्न ठरवताना नीताच्या माहेरी आपण एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या.) हवामान तर ते आपलं आपणच ओढून घेतं. मग शेवटी एक आकडा येतो. विजय तो आकडा तेवढा वाचतो. वरचं काही वाचायची त्याला गरज वाटत नाही, इंजिनिअर आहे.

महिनाभर सराव चालला तो दिवाणखान्यात. सतरंजीवर पालथा पडायचा, हातात केरसुणीचा दांडा, शेजारी मोबाईल, आणि श्वास रोखून बाल्कनीतल्या तुळशीवर नेम. नीता बिचारी त्याच्या पायांना वळसा घालून केर काढायची. मी एकदा गवारीचं ताट त्याच्या पाठीवर ठेवलं आणि निवडायला बसले. हलायचं नाहीच आहे तर उपयोगी तरी पड म्हटलं. चिडला, पण हलला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

आता इथं माझा थोडा संबंध येतो. ३० जानेवारीच्या शुक्रवारी मैदानावर ऑफिसातल्या लोकांची स्पर्धा होती. तिच्या आदल्या दिवशी टीव्हीवर सांगितलं की निफाडला पारा उतरला. तुला तीन फोन केले, तू उचलेनास. विजयचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता आणि त्या ॲपवर हवामान मोठ्या अक्षरांत येतं, मला चष्म्याशिवाय दिसतं. जागा बदलायची खूण मला माहीत झाली होती (महिनाभर तेच बघत होते). तोंड जवळ नेऊन ‘निफाड’ म्हटलं. आलं की रे. सहा अंश, वारा शून्य. तुझ्या द्राक्षाच्या मण्यांना तडे जाणार हे तिथंच समजलं. मग मोबाईल होता तसा ठेवून दिला. पुन्हा ‘दोहा’ म्हणायचं राहिलं. ते म्हणायचं असतं असं मला कुणी सांगितलं होतं का?

शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या घरच्या मंडळींना बोलावणं होतं. तंबू, खुर्च्या, करक चहा (म्हणजे आपलाच दूध घालून उकळलेला), समोसे. आणि उत्तरेचा असा वारा सुटला होता की नीताच्या हातातली कागदी बशी समोशासकट सौदीकडे निघून गेली. माझा पदर तंबूच्या दोरीला जाऊन गुंडाळला. विजय वाळूत पालथा. मी मागून ओरडले, विजय, वारा आहे रे. तो मागं न बघता म्हणाला, "आई, ॲपनं धरलाय तो." धरलाय म्हणे. निफाडला झाडाचं पान हलत नव्हतं आणि हा इथं त्या हवेत दहा गोळ्या मारून मोकळा झाला. शेजारी अरुणकुमार. त्याला ॲप चालत नाही, तीस वर्षांचा अनुभव आहे. त्याच्या अनुभवाची धूळ उडताना मी लांबच्या वस्तू बघायच्या मोठ्या दुर्बिणीतून बघत होते. फळीच्या अलीकडे, जमिनीवर, सहा वेळा उडाली. मी मोजली. चौथीपर्यंतच शिकले असले तरी सहापर्यंत येतं.

फळ्या सहाशे मीटरवर. तिथं कुणाचं भोक कुठं पडलं ते नेमबाजाला दिसत नाही. सगळ्यांचं झालं की फुजैल नावाचा मैदानावरचा माणूस पिकअप घेऊन जातो आणि फळ्यांवरचे कागद काढून आणतो. विजयचा कागद आला तो नुकताच दुकानातून आणल्यासारखा. एक ओरखडा नाही. अरुणकुमारच्या कागदावर मधल्या काळ्या गोलात दहा भोकं, एका बशीखाली झाकतील एवढ्यात. टाळ्या. अरुणकुमार पहिला. तो स्वतःच आधी दचकला, मग सावरला आणि मग त्याला ते पटलं. एवढं सगळं त्याच्या तोंडावर तेवढ्या वेळात झालं. विजय टाळ्या वाजवण्यात सर्वांत पुढे.

मला काही राहवेना. कागद खुर्चीला टेकवून ठेवला होता, जवळ जाऊन पाहिला. काळ्याच्या बाहेर, कोपऱ्यांकडे, चार पांढऱ्या गोल चिकट्या. (जुना कागद पुन्हा वापरायचा तर भोकांवर त्या लावतात.) पण कागद कोरा करकरीत आणि चिकट्या ताज्या. मी तो उलटा केला आणि उन्हात धरला. चौदा भोकं. दहा गोळ्यांची चौदा. चार अरुणकुमारची, सहा त्यानं जमिनीत घातलेली, आणि काळ्यातली दहा वाऱ्यानं तीनचार हात सरकवून शेजारच्या फळीवर नेलेली आमच्या विजयची. फुजैल तिथंच उभा होता. हळूच म्हणाला, "अम्मा, मैंने वोही गिना जो काले में था." त्याला मी बोल लावत नाही. त्यालाही व्हिसा आहे. नीताला म्हटलं, मागच्या बाजूनं फोटो काढ. ती म्हणाली, कशाला. मी म्हटलं, नक्षी छान आहे.

तेवढ्यात अरुणकुमार खजुराची बशी घेऊन आला.

"माताजी, धूप में मत रखिए, पेपर खराब हो जाएगा."

"धूप में ही तो अच्छा दिखता है, साहेब. पीछे से."

त्यानं बशीतले खजूर सारखे केले. मग म्हणाला, "आपकी तबीयत कैसी है?"

"तबीयत को क्या हुआ. विजय की फाईल की तबीयत बताव."

"मेरे टेबल पे है, माताजी."

"टेबल पे बहुत सोई. अब उठाव उसको. यल्ला."

(यल्ला म्हणजे इथलं ‘चला, आटपा’. माझं हिंदी कसं आहे ते तुला माहीत आहे, पण त्याला समजलं.) त्यानं बशी माझ्यापुढं केली. मी दोन खजूर घेतले आणि कागद त्याच्या हातात दिला. लगेच एक तारखेच्या रविवारी सही झाली. पूर्ण दोन वर्षं.

विजयचं म्हणणं असं की साहेबांनी त्याची खिलाडूवृत्ती पाहिली. एकही गोळी न लागता ज्यानं हसतमुखानं टाळ्या वाजवल्या, त्याच्यावर विश्वास टाकावा असं साहेबांना वाटलं असणार. हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मी चहा करायला उठते. ॲपवर मात्र त्याचा फार राग आहे. एक चांदणी दिली आणि त्या कंपनीला इंग्रजीत दोन पानी तक्रार पाठवली.

असो. नीता, अंतरा सुखात आहेत. इतरांच्या भानगडीत पडायचा माझा स्वभाव नाही, त्यामुळे माझेही दिवस शांततेत चालले आहेत. तुझ्या बायकोला आशीर्वाद, आणि पथ्याची आठवण.

तुझी
अक्का

ता. क. ॲपवाल्यांचं उत्तर आलं आहे. तुम्ही हवामानासाठी कोणतं ठिकाण निवडलं होतं, असं विचारलं आहे म्हणे. विजयनं अजून उघडलेलं नाही, नीतानं पाहिलं आणि मला सांगितलं. मी ‘दोहा’ म्हणून ठेवलं आहे. विजयचा फोन आला तर मी थंडीच्या दिवसांत तुझ्या द्राक्षांची कधी चौकशी केली होती असं बोलू नकोस. मला द्राक्षांचं काही पडलेलं नाही, एवढंच म्हण. त्याला ते खरं वाटेल.

आणखी एक ता. क. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं हे मला कळतं. पण फोनवरचं बोलणं कपाटात ठेवता येत नाही. दोन वर्षांनी मार्चमध्ये पुन्हा सही लागणार आहे आणि तोवर अरुणकुमारला आपणच जिंकलो होतो असं ठाम वाटायला लागलेलं असेल. म्हणून वर तारीख घातली आहे, नावं घातली आहेत, आणि सोबत फोटो आहे. शेजारचा गुरुप्रसाद सुट्टीवर तिकडे निघाला आहे, त्याच्या हाती पाकीट देते. विम्याच्या कागदांत ठेव. तुझ्या बायकोला वाचून दाखवू नकोस.

शेवटचं. फोटोची एक प्रत चौकटीत बसवून अरुणकुमारच्या घरी भेट पाठवली. नीता परवा हळदीकुंकवाला त्यांच्याकडे जाऊन आली. बक्षिसाचा कप दिवाणखान्यात आहे म्हणाली, फोटो कुठं दिसला नाही.