अवयवांच्या शेताची गोष्ट

बाबा, धामणगावच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही दाराशी खुर्ची टाकून दिवाळी अंकासाठी लिहिलेली नवी विज्ञानकथा तिला वाचून दाखवता आहात, हे मला अजून दिसतं. गोष्ट पुढच्या कुठल्याशा शतकातली. चिखलदऱ्याच्या डोंगरात माणसांचं शेत आहे, कापूस वेचावा तसे तिथे जिवंत माणसांचे अवयव वेचतात. काढलेला अवयव आपल्या मूळ मालकाला विसरत नाही. ज्याला डोळे बसवले त्याला देणाऱ्याचं घरदार दिसतं, आणि स्वतःच्या आईला किडनी देणारी एक पोरगी हळूहळू वाळून मरते. तव्यावरची भाकरी करपली तरी आईला कळलं नाही. तुम्ही हायस्कुलात विज्ञान शिकवत होतात. ग्रहणापासून विंचवापर्यंत तुम्ही सांगाल ते खरं, ही आपल्या घरची रीत. गोष्ट वेगळी आणि धडा वेगळा, हे तिला कधी कुणी सांगितलंच नाही.

मग तिच्याच किडन्या निकामी झाल्या. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला तपासलं, सगळं जुळलं, मी तयार होते. आई ऐकेना. "मले नाई पायजे तुही किडनी. वाळून जाशीन तू." एका किडनीवर माणूस धडधाकट जगतो, असं डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तुमच्याकडे वळली. "तुमी सांगा. ते गोष्टीतलं खरं हाय का खोटं?"

तुम्ही चष्मा पुसलात. त्या कथेला बक्षीस मिळालं होतं, हार घातलेला तुमचा फोटो बैठकीत लटकत होता. "विज्ञानात अशक्य असं काई नसते," तुम्ही म्हणालात.

एक शब्द हवा होता, बाबा. खोटं. दवाखान्याच्या जिन्यात गाठून मी तुमच्या हातापाया पडले, तर "मले शिकवू नको" म्हणून तुम्ही मलाच झापलंत. डायलिसिसच्या खेपा करत करत आई गेली, आणि तिच्या तेरवीला आलेल्या लोकांना तुम्ही सांगत होतात, बाई फार हट्टी होती. अजूनही कुणी तुमचं नाव आदरानं घेतलं की माझं तोंड कडू होतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी कुणाला न विचारता अकोल्याच्या नेत्रपेढीला फोन केला. पोरीचं मन मोठं, असं नातेवाईक म्हणाले. मन कसलं मोठं. तुम्ही जिवंतपणी काही दिलं नाहीत, तेव्हा मेल्यावर तरी तुमच्याकडून काढून घ्यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डोळे कुणाला बसवले ते सांगत नाहीत, मीही विचारलं नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे, ते उशीखालीच राहील. तुमची गोष्ट खोटी होती, बाबा. तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून मी म्हणते. तरी अकोल्याच्या स्टँडवर कुणी अनोळखी माणूस माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला, की मी हातची गाडी सोडून देते आणि तिथंच उभी राहते. त्याला भाकरी थापणारी एखादी बाई दिसत असेल, तर कशी दिसते ते त्यानं मला सांगावं, म्हणून.