रानशाळेतलं शालूचं नाव

राजापेठ, अमरावती
दि. १६ फेब्रुवारी १९६१

केशवराव गुरुजी यांस,
जानराव पुंजाजी याचा जयभीम.

आम्ही सगळे खुशाल आहोत. बायकोचा खोकला थांबला. कचेरीत काम फार, म्हणून उत्तराला उशीर झाला. हे खोटं आहे, पण पत्राची सुरुवात अशीच करतात.

शालू तीन रविवार रानशाळेला का आली नाही, असं तुम्ही विचारलंत. चिखलदऱ्याच्या सहलीत ती हवीच, असंही लिहिलंत. उपकार मानतो. दर रविवारी पोरांना आईबापांसकट रानात नेणारा दुसरा मास्तर मी पाहिला नाही. माझं लहानपण चांदूर बाजाराकडे लोकांच्या वावरात गेलं, पण मजुरीशिवायही रानात जायचं असतं हे मला तुमच्या मागे फिरताना कळलं. पोरगी मला झाडं ओळखायला लावायची आणि मी मुद्दाम चुकायचो. बरे दिवस होते.

मग संक्रांतीनंतरचा तो हुरडा. मला ताप होता, म्हणून तिला एकटीच पाठवली. घरी आली ती उड्या मारत.

"बाबा, गुरुजीनं मले शाब्बास म्हटलं! नाल्यात वासरू मरून पडलं होतं. कोनीच हात लावे ना. मंग मोतीरामची माय म्हने, शालूले सांगा. म्या एकटीनं ओढत नेलं!"

मी विचारलं, गुरुजी काय करत होते? तर म्हणे, आगटी पेटवत होते.

"अन् मले हुरडा येगळ्या पानावर देल्ला. पुरं पान माह्या एकटीचं!"

नऊ वर्षांची आहे ती. तिला कळलं नाही. तुम्हाला कळलं, तिथे बसलेल्या एकूणएक आईबापाला कळलं, आणि हुरडा कुणाच्याही घशात अडकला नाही.

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर माझ्या बापानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं त्याचा हात मोडला. त्या वाकड्या हातानं तो अजून जेवतो, पण दोराला पुन्हा शिवला नाही. त्याच्या नातीकडून ते काम तुम्ही एका शाब्बासकीवर करून घेतलंत.

आता जे टाळत होतो ते लिहितो. मी तिला मारलं. चुलीजवळची कपाशीची वाळकी पऱ्हाटी घेतली आणि ती मोडेपर्यंत मारलं. मारायचं होतं तुम्हाला, पण हाताशी ती होती. बायको मध्ये पडली, तिलाही लागलं. "काहून मारून राह्यले बाबा?" एवढंच शालू विचारत होती.

तरी पुढच्या रविवारी सुजल्या पायांनी ती दाराशी तयार. "गुरुजी वाट पाहून राह्यले असतीन." माझ्याकडे ढुंकून पाहत नव्हती, आणि तुमचं नाव घेत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, गुरुजींनीच तुझं नाव कमी केलं. मेलेल्या जनावराला हात लावलेली पोरगी त्यांना पोरांत नको. म्हणूनच तुला मार बसला.

तिनं ते खरं मानलं. आता ती सारखी हात धुते. धुतलेले हात पुन्हा धुते. जे तुम्ही लोकांनी तिला तोंडानं सांगितलं नव्हतं, ते तिच्या बापानं सांगितलं.

खोटं मागे घे, असं बायको रोज म्हणते. मी घेणार नाही. घेतलं तर ती तुमच्याकडे धावत येईल, आणि तिला मारणारा तेवढा मी उरेन. एकाचा द्वेष तिनं करायचाच असेल, तर तो तुमचा करावा.

घरी येऊ नका. बाजारात समोर दिसली तर ओळख देऊ नका. ती हाक मारेल, मारू द्या. मान फिरवा आणि चालू लागा.

शालूचा बाप,
जानराव