पानाभोवतीचं पाणी

प्रिय अण्णा,

काल चिक्कडपल्लीला तुमच्या लेकीकडे, वसुधाताईंकडे, तुमच्या तेराव्याला गेले होते. तिथे जे पाहिलं, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून हे पत्र.

मलकपेठच्या आमच्या वृद्धाश्रमात तुम्ही पाच महिने होतात आणि माझ्या घटना-नोंदवहीची निम्मी पानं तुमचीच. आयुष्यभर कोर्टात दुसऱ्यांच्या भानगडी लिहिल्यात, आणि शेवटी माझ्या वहीत आरोपी झालात! रोज दुपारी तेच. ताट समोर आलं की टेबलावर पाणी सांडायचात, शेजारी भाताची शितं टाकायचात. आमची यादम्मा पुसायला आली की तिला फटका.

"मॅडम, अण्णा फिर पानी गिरा दिये. पोंछने गई तो मारे मेरेकू," ती दंड चोळत सांगायची. मी लिहायची: पाणी सांडले, मारले. कारण: काही नाही.

मग त्या पाण्यावरून शेजारच्या खोलीतले राव गारू घसरले. मनगट मोडलं. मी तुमचा पाण्याचा पेला बंद केला, तर तुम्ही ताटच भिरकावलंत. शेवटी मीच सांगितलं, जेवण होईपर्यंत यांचा उजवा हात खुर्चीला बांधा. यादम्मा चमच्याने भरवायला लागली आणि तुम्ही तोंड मिटून घ्यायला लागलात. "अजून व्हायचंय," एवढंच म्हणायचात. काय व्हायचंय, हे मी एकदाही का विचारलं नाही?

काल तुमचे धाकटे भाऊ माझ्या समोर जेवायला बसले होते. त्यांनी तळव्यावर पाणी घेतलं, पानाभोवती फिरवलं, उजवीकडे भाताची चार-पाच शितं मांडली आणि डोळे मिटले. मग पहिला घास घेतला.

"हे काय असतं?" मी वसुधाताईंना हळूच विचारलं.

"चित्राहुती. अण्णा रोज घालायचे, त्याशिवाय घास घ्यायचे नाहीत." मग माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही मराठी, म्हणून तर त्यांना तुमच्याकडे ठेवलं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार."

आमचं घर शेतकऱ्यांचं हो. वडील हात जोडायचे आणि जेवायला लागायचे. तुमच्यासाठी मी डॉक्टरांना विचारलं, गोळ्या बदलून पाहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एक फोन लेकीला केला असता तर?

अण्णा, लेकीचं नाव विसरलात, मग हे कसं लक्षात राहिलं? डोळे मिटून मनात काय म्हणायचात? हात बांधलेला असताना मनातल्या मनात पाणी फिरवायचात का? मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि लाज वाटते, तीही खूप.

आज एक नव्या आजी आल्या. वेणी घालायला गेलं की चावतात. मी वही उघडली, सवयीने 'काही नाही' लिहायला गेले आणि थांबले. लिहिलं, 'अजून विचारलं नाही.' उद्या आधी त्यांना विचारीन, मग त्यांच्या घरी. विचारल्याशिवाय कुणाचा हात बांधू देणार नाही, हा माझा शब्द.

तुमची पानंही काढली. प्रत्येक 'काही नाही'वर रेघ मारून खाली सही केली, आणि शेजारी लिहिलं: अण्णांचं अजून व्हायचं होतं.

तुमची,
सुनंदा