ॲसिडचा पाइप

प्रिय मीनाताई,

धातूवर मुलामा चढवणाऱ्या आम्हा प्लेटिंगवाल्यांचा जीव कायम ‘तात्पुरतं आहे’ या दोन शब्दांवर टांगलेला असतो. काल पुन्हा तेच झालं, म्हणून लिहितोय.

ॲसिडचा निचरा तुंबला. तुमच्या जागी आलेल्या केमिस्टनं त्याचा पाइप सरळ सायनाइडच्या निचऱ्याला जोडायला लावला. उद्या पहिल्या पाळीत ॲसिडची टाकी रिकामी करायची आहे. मी अडवलं, तर म्हणाला, “दत्ताभाऊ, तात्पुरतं आहे राव. गेटवरची भाषणं गेटवर ठेवा.”

डेंग्यूनं तुम्हाला नेलं, आणि लगेच हे? दोन्ही लायनींचे गमबूटसुद्धा वेगळ्या रंगांचे ठेवायचात तुम्ही. चुकीचे बूट घालून कुणी सायनाइडकडे आलं, तर मालकाचा पाहुणा असला तरी दारातून परत!

आठवतं, चहाच्या सुट्टीत मला आणि शिंदेमामांना समोरासमोर उभं केलं होतंत? दोघांचे दोन्ही हात गुंफलेले, शिवाय पायाला पाय लावलेला. “हा कार्बन, हा नायट्रोजन. तीन बंध. हे एकमेकांना सहजी सोडत नाहीत.”

मामा म्हणाले, “ताई, ह्यो सुटला तर बरं व्हईल. लई बोलतो.”

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. “सोडियम, क्षाराचं पाणी, यांच्या संगतीत ही सायनाइडची जोडी टाकीत गुमान पडून राहते. ॲसिडमधला हायड्रोजन येऊन कार्बनला चिकटला, की हीच जोडी विषारी वायू होऊन वर येते. दिसत नाही. पळायलाही वेळ देत नाही.”

एक राग आहे ताई. टाकी रिकामी होताना निचऱ्यापाशी पहाऱ्याला दर वेळी एकट्याच का उभ्या राहिलात? आम्हाला तिथं उभं राहायची सवय का लावली नाहीत?

माझ्या दापोडीच्या खोलीत पुस्तकांची चळत आहे. जगभरातल्या कामगारांच्या लढ्यांवर मी गेटवर तासन्‌तास बोललोय. आता घसा बसलाय. खरं सांगू? थकलोय. बोलून पाइप सुटत नाहीत.

म्हणून शब्द देतो, उद्या भाषण नाही. हे पत्र पाळीच्या आधी गेटवर वाचेन आणि थेट टाकीपाशी जाऊन उभा राहीन. गेटवरच्या माझ्या भावांनो, बहिणींनो, तो पाइप वेगळा होईपर्यंत ॲसिडच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणीही उघडू नका.

तुमचा,
दत्ता